गाडी एका बाजूला ओढते? अलाइनमेंट करा, पण आधी हे सगळं बघून घ्या

स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी आपली एका बाजूला निघाली, आणि सरळ चालवायची तर स्टिअरिंग सतत उलट्या बाजूला दाबून धरायचं, थोड्या वेळाने खांदा दुखायला लागतो. यावर सगळे एकच सांगतात, अलाइनमेंट करून घे, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवून घे. मग माणूस जातो, मशीनवर सगळे आकडे हिरवे दिसतात, स्टिअरिंगही सरळ करून मिळतं, आणि बाहेर पडल्यावर गाडी परत त्याच बाजूला. याचं कारण असं की पुष्कळ ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे फक्त पुढच्या चाकांचा टो (चाकांची तोंडं आत की बाहेर वळलीत तो कोन) सेट करणं, आणि नुसत्या टोमुळे गाडी सहसा ओढत नाही. टो बिघडला की टायर झिजतात, स्टिअरिंग वाकडं दिसतं, गाडी चंचल वाटते, पण एका बाजूला सलग ओढ लागणं हे बहुतेक वेळा कॅम्बर, कॅस्टर (हे दोन कोन पुढे समजावले आहेत), टायर किंवा ब्रेक यांच्यापैकी कुणाचं तरी काम असतं. म्हणून आधी चोर शोधायचा, पान्हा नंतर हातात घ्यायचा.

पहिलं म्हणजे गाडी नक्की कधी ओढते ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं. सपाट, मोकळा, सरळ रस्ता बघा. रस्ते मुद्दामच मध्ये उंच आणि कडेला उतरते बांधलेले असतात, पाणी वाहून जावं म्हणून, त्यामुळे अगदी ठणठणीत गाडीसुद्धा थोडीशी कडेकडे जाते. उताराची बाजू बदलेल अशा लेनमध्ये जाऊन बघा, ओढीची बाजू बदलली तर दोष रस्त्याचा, गाडीला हात लावू नका. बाजू तीच राहिली तर पुढे चला. एकसारख्या वेगात ओढते का? फक्त ब्रेक दाबल्यावर ओढते का? फक्त जोरात अॅक्सिलरेटर दिल्यावर? की वळण घेतल्यावर त्याच बाजूला थोडा वेळ चिकटून राहते आणि उलटं वळण घेतलं की ओढ त्या बाजूला जाते? या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि चारही जणांना एकच अलाइनमेंट करून सोडणं म्हणजे पैसे पाण्यात.

फक्त अॅक्सिलरेटरवर ओढत असेल तर पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांमध्ये दोन अॅक्सलची लांबी वेगळी असल्यामुळे थोडं तसं होतंच, जास्त होत असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश बघा. वळणानंतर चिकटून राहणारी गाडी असेल तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग किंवा एखादा बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) जाम आहे, चाक वळतं पण मोकळेपणाने परत येत नाही. यात अलाइनमेंटचा काही संबंध नाही, हा पार्ट काढून मोकळा तरी करायचा नाहीतर बदलायचा. शॉकअप नुकतेच बदलले असतील आणि त्यानंतर हे सुरू झालं असेल तर वरचं बेअरिंग नीट बसलंय का तेच आधी बघा.

आता टायर. चारही टायर थंड असताना हवा चेक करा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा असेल तोच भरा. पुढच्या दोन चाकांत तीन-चार पीएसआयचा फरक असला तरी काही गाड्या कमी हवेच्या बाजूला जातात. मग टायर डोळ्यांनी बघा, पुढे दोन्ही बाजूंना एकाच साइझचे, एकाच कंपनीचे, साधारण सारखेच झिजलेले आहेत का. एक बाजू नवीन आणि दुसरी गुळगुळीत असेल तर दोघांचा घेर वेगळा, आणि ओढ लागली तर नवल नाही.

हे सगळं ठीक असलं तरी टायर निर्दोष सुटत नाही. रेडियल टायरच्या आतला पट्टा बनवताना जरासा एका बाजूला सरकलेला असला तर टायर किंचित शंकूसारखा वागतो. एका बाजूला निमुळता असलेला ग्लास आडवा करून टेबलावर ढकलला तर तो सरळ न जाता निमुळत्या बाजूला गोल फिरतो ना, तसंच. बाहेरून काहीही दिसत नाही, टायर नवाकोरा असू शकतो. तपासायची पद्धत फुकट आहे, पुढची दोन चाकं डावी-उजवी बदला आणि त्याच रस्त्यावर परत चालवा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली किंवा गायब झाली तर टायरच दोषी, तो मागे टाकून द्या, मागे तो सहसा त्रास देत नाही. ओढ जशीच्या तशी त्याच बाजूला राहिली तर टायर सुटला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र डावं-उजवं करू नका, त्याऐवजी त्याच बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे करून बघा. माझं मत विचाराल तर ही टेस्ट केल्याशिवाय कुणी अलाइनमेंटला जाऊच नये, कारण मशीनला टायरमधला दोष दिसत नाही, मशीन फक्त कोन मोजतं.

ब्रेकचं बघताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांच्या उलटे आहेत. ब्रेक न दाबता गाडी ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक चिकटलेला असण्याची शक्यता. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते तो ब्रेक चांगला आहे आणि दुसऱ्या बाजूचा नीट धरत नाही. लोक इथेच गडबडतात आणि चांगल्या बाजूचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खोलून बसतात. चिकटलेला ब्रेक ओळखायचा तर दहा-पंधरा मिनिटं शक्य तितका कमी ब्रेक मारत गाडी चालवा, थांबा, आणि उतरून प्रत्येक रिमच्या जवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एका चाकाजवळ धग जाणवते आणि दुसऱ्याजवळ नाही, जळका वास येतो, रिमवर एकाच बाजूला काळी पूड जास्त आहे, तर मिळाला चोर. मग चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, एक फेरा तरी सहज जायला हवा, पॅड जरासे घासल्याचा आवाज चालतो पण चाक जड लागता कामा नये. बहुतेक वेळा कॅलिपरच्या स्लाइड पिना गंजलेल्या किंवा सुकलेल्या असतात, साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावलं की काम होतं. तेवढ्याने नाही झालं तर पिस्टन बघा, आणि ब्रेकचा रबरी होजसुद्धा, तो आतून फुगला की ऑइल जातं पण परत येत नाही आणि ब्रेक धरलेलाच राहतो. हे ओळखायला चाक जड असतानाच कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरा ढिला करा, ऑइल दाबाने उडालं आणि चाक लगेच मोकळं झालं तर दाब अडकून बसला होता, पिस्टन जाम नाही. नंतर एअर काढायला विसरू नका.

इथवर काही सापडलं नाही तर सस्पेन्शन. आणि हे अलाइनमेंटच्या आधीच व्हायला हवं, कारण ढिल्या पार्टवर केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते. मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, पुढून गाडी उचला, जॅकच्या जोडीला स्टँड लावा, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, हे मी दहा वेळा सांगेन. आता चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा, खटखट झाली तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा रॅकच्या (स्टिअरिंग फिरवलं की ते दांडे सरकवणाऱ्या आडव्या भागाच्या) आतला जॉइंट. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा, खटखट झाली तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. नक्की कोणता ते कळायला दुसऱ्या माणसाला चाक हलवायला सांगा आणि तुम्ही त्या जॉइंटवर बोट ठेवा, जिथे ढिला असेल तिथे बोटाला टक्क जाणवतं. लोअर आर्मचे बुश टॉर्च मारून बघा, रबर फाटलंय का, धातूपासून सुटलंय का. आर्मचा मागच्या टोकाचा बुश फाटला की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि सोडल्यावर पुढे येतं, अशा गाडीची ब्रेकवरची ओढ कॅलिपर कितीही वेळा बदलला तरी जात नाही.

बुश बदलताना एक चूक फार कॉमन आहे. गाडी हवेत, चाकं लोंबकळतायत, आणि आर्मचे बोल्ट पूर्ण आवळून टाकतात. रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि उंचीही बिघडवतं. बोल्ट आधी हलके लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग फायनल टाइट करा. आणि हो, दोन्ही बाजूंची उंची पण मोजा, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत. एका बाजूला स्पष्ट कमी असेल तर स्प्रिंग बसलेली किंवा तुटलेली आहे, आणि तिथे कॅम्बर आपोआप बिघडलेला असणार.

आता मुख्य विषय, कोन. तीनच लक्षात ठेवा. कॅम्बर म्हणजे गाडीकडे समोरून बघितलं तर चाकाचा वरचा भाग आत झुकलाय की बाहेर, आत असेल तर मायनस, बाहेर असेल तर प्लस. गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त प्लसकडे असेल त्या बाजूला ओढते. कॅस्टर म्हणजे बाजूने बघितलं तर चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा मागे किती कललेली आहे, सायकलचा पुढचा चिमटा कसा तिरका असतो ते आठवा, त्यामुळेच वळणानंतर हँडल आपोआप सरळ होतं. गाडी ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूला ओढते. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर.

यातली गंमत ही की ओढीसाठी प्रत्येक चाकाचा आकडा तितका महत्त्वाचा नाही, डाव्या-उजव्यातला फरक महत्त्वाचा. समजा डावा कॅम्बर मायनस 0.1 आणि उजवा मायनस 0.9. कंपनीची मर्यादा शून्य ते मायनस 1 असेल तर मशीन दोन्ही हिरवे दाखवणार, ऑपरेटर म्हणणार सगळं ओके, पण फरक 0.8 डिग्री आहे आणि गाडी डावीकडे जाणार. साधा नियम, कॅम्बरमध्ये आणि कॅस्टरमध्ये डाव्या-उजव्यातला फरक अर्ध्या डिग्रीच्या आत पाहिजे. शिवाय दोन्ही फरक एकाच बाजूला ओढत असतील तर बेरीज होते, उलट असतील तर एकमेकांना मारतात, त्यामुळे कागद हातात आल्यावर दोन्ही एकत्र वाचा. आणि कागद मागून घ्याच, आधीचा आणि नंतरचा दोन्ही, कॅस्टर मोजलेला नसेल तर मोजायला सांगा, त्यासाठी चाकं दोन्ही बाजूला वळवून रीडिंग घ्यावं लागतं म्हणून घाईत बऱ्याचदा सोडून देतात.

घरी मोजायचं असेल तर तेही जमतं, जागा मात्र सपाट हवी. हवा भरून घ्या, स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी थोडी पुढे ढकला, चारही कोपरे दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागेवर बसेल. कॅम्बरला ओळंबा घ्या, मडगार्डच्या कडेवरून चाकाच्या मध्यासमोर सोडा, दोरी टायरच्या फुगीर भागाला टेकता कामा नये, आणि रिमच्या वरच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर आणि खालच्या कडेपासूनचं अंतर फूटपट्टीने घ्या. रिमवरच्या दोन जागांमध्ये 400 मिलिमीटर अंतर असेल तर 7 मिलिमीटरचा फरक म्हणजे 1 डिग्री. वरचं अंतर जास्त तर चाक वरून आत झुकलंय, म्हणजे मायनस. तुमचा रस्ता किंवा अंगण थोडं तिरकं असेल अशी शंका असेल तर गाडी उलटी उभी करून परत मोजा आणि सरासरी काढा.

टोसाठी दोऱ्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर पुढून मागेपर्यंत ताणलेली दोरी बांधा. पुढच्या दोन चाकांच्या मध्यापासून दोऱ्यांचं अंतर डावी-उजवीकडे सारखं, मागच्या दोन चाकांच्या मध्यापासून सारखं, आणि दोन दोऱ्यांमधलं अंतर गाडीच्या पुढे आणि मागे सारखं, हे जुळवायला वेळ जातो पण इथेच सगळी अचूकता आहे. पुढच्या-मागच्या चाकांमधली रुंदी वेगळी असू शकते, म्हणून पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळवत बसू नका. मग प्रत्येक रिमच्या पुढच्या कडेपासून दोरी आणि मागच्या कडेपासून दोरी मोजा. पुढचं जास्त म्हणजे टो-इन, मागचं जास्त म्हणजे टो-आउट. मागची चाकंही मोजा! मागची दोन चाकं मिळून एका बाजूला बघत असतील तर गाडी तिरकी चालते, सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहतं, आणि पुढे कितीही करा, फरक पडत नाही.

अॅडजस्ट करायचा क्रम ठरलेला आहे, आधी मागची चाकं, मग पुढचा कॅस्टर, मग कॅम्बर आणि शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो हलतो, म्हणून उलट्या क्रमाने केलं तर तेच काम परत. आता अडचण अशी की आजच्या बऱ्याच लहान गाड्यांमध्ये पुढे स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र खांब) असतो आणि कंपनीने टो सोडून काहीच अॅडजस्टेबल ठेवलेलं नसतं, मागे तर दोन्ही चाकांना जोडणारा सरळ एक बीम, तिथे काही फिरवायलाच नाही. मग कॅम्बर कसा आणायचा? स्ट्रट खाली दोन बोल्टने नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) धरलेला असेल तर ते दोन बोल्ट ढिले करून चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर दाबून धरायचा आणि तसाच टाइट करायचा, भोकांमध्ये जेवढी जागा असेल तेवढा फरक पडतो. तेवढ्याने पुरलं नाही तर वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट मिळतो, मध्ये अंडाकृती असलेला, तो फिरवला की चाक कलतं. हे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळा, काही कंपन्या काढलेला बोल्ट परत वापरू नका असं सांगतात, तेही बघून घ्या.

पण बोल्ट लावून आकडे ओढूनताणून बसवण्याआधी स्वतःला विचारा की कारखान्यातून बरोबर आलेला कोन बिघडला कशाने. खड्डा, फुटपाथला धडक, अपघात. मशीनवर एसएआय नावाचा आकडा पण येतो, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं ती समोरून बघितलं तर आत किती कललेली आहे, तो आणि कॅम्बर यांची बेरीज दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी यायला हवी. बेरीज वेगळी आली तर स्ट्रट किंवा नकल वाकलाय. बेरीज सारखी पण एका बाजूला कॅम्बर प्लसकडे आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच मायनसकडे असेल तर खालचा क्रॉस मेंबर (दोन्ही लोअर आर्म ज्याला जोडलेले असतात ती आडवी चौकट) बाजूला सरकलाय, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामासाठी तो उतरवला असेल तर हे हमखास बघा. बोल्ट ढिले करून जागेवर सरकवला की दोन्ही बाजू एकदम ठीक होतात, एक पैशाचा पार्ट लागत नाही. कॅस्टर एकाच बाजूला कमी असेल तर त्या बाजूचा लोअर आर्म किंवा त्याचा बुश. वाकलेला आर्म ठोकून सरळ करून बसवणारे असतात, कृपया करू नका, बदला.

आता टो. स्टिअरिंग मधोमध आणून लॉक करा किंवा सीटला टेकवून काठी लावून बांधा. पुढची चाकं सहज सरकावीत म्हणून त्यांच्याखाली प्लास्टिकच्या दोन जाड शीट्स मध्ये ग्रीस लावून ठेवा. टाय रॉड एंड एका पान्ह्याने धरून ठेवा, दुसऱ्याने लॉक नट सोडवा, गंजलेला असेल तर आदल्या रात्रीच ऑइल मारून ठेवलेलं बरं. रॅकच्या रबरी बूटची बाहेरची क्लिप सोडा, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळला जातो आणि काही दिवसांत फाटतो. रॉड फिरवायच्या आधी खडूने त्यावर एक रेघ मारा, म्हणजे किती फिरवलं ते कळेल. रॅक अॅक्सलच्या मागे असेल तर रॉड लांब केल्यावर टो-इन होतो, पुढे असेल तर टो-आउट. पाव फेऱ्याने रिमवर साधारण 1 मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे एकदम पूर्ण फेरे मारू नका. दोन्ही बाजूंना सारखंच फिरवा. टो बरोबर आला पण स्टिअरिंग वाकडं राहिलं तर एक बाजू जेवढी लांब करता तेवढीच दुसरी आखूड करा, एकूण टो तोच राहतो आणि स्टिअरिंग सरळ होतं. प्रत्येक वेळी फिरवल्यावर गाडी थोडी पुढे-मागे ढकलून परत मोजा. शेवटी लॉक नट आवळताना परत एंड धरून ठेवा, नट आवळतानाच सेटिंग हलतं.

टेस्ट ड्राइव्ह त्याच रस्त्यावर घ्या जिथे पहिल्यांदा तपासलं होतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर रीसेट करून घ्यावा लागतो, नाहीतर सगळे कोन बरोबर असूनही मोटर स्वतःच गाडी एका बाजूला ढकलत राहू शकते किंवा डॅशबोर्डवर दिवा लागू शकतो. लेन धरून ठेवणारा कॅमेरा असलेल्या गाडीत त्याचंही कॅलिब्रेशन बघायला सांगा. आणि बॅलन्सिंगचा या सगळ्याशी काही संबंध नाही, बॅलन्सिंग थरथर घालवतं, ओढ नाही.

इतकं करून किंचित ओढ उरली तर टायर परत एकदा हाताने चाचपा, तळवा आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागत असेल तर जुन्या चुकीच्या टोमुळे टायर तसा झिजून बसलाय, तो काही शे किलोमीटर गाडीला थोडा त्रास देत राहील किंवा तोपर्यंत मागे टाकता येईल. आतली कड पार गेली असेल तर टायर बदलाच, आणि नवे बसवल्यावर अलाइनमेंट एकदा परत चेक करून घ्या.